वाइल्डकार्ड डीएनएस आहे की नाही, खात्रीनं कसं ओळखायचं?

टिळकवाडी_नेट

मंडळी, एका सहकारी पतसंस्थेच्या डोमेनची सबडोमेन यादी करायची आहे. लेखी परवानगी घेतलेली आहे. शाखावार सबडोमेनं आहेत म्हणतात: बेळगाव, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर. अडचण अशी की शब्दयादीतलं (अंदाजानं तपासायच्या नावांच्या यादीतलं) कुठलंही नाव टाका, आयपी मिळतोच. सगळी शब्दयादी 'सापडली' म्हणून दाखवली जाते, म्हणजे यादीला काही अर्थच उरत नाही.

मागं वाइल्डकार्ड, म्हणजे स्वतंत्र रेकॉर्ड नसलेल्या नावांनाही उत्तर देणारा तारांकनाचा (*) डीएनएस रेकॉर्ड, असावं असा अंदाज आहे. आपल्याकडं गावांची रोमन स्पेलिंगं दोन-दोन. बेळगावचं जुनं आणि २०१४ नंतरचं सरकारी, निपाणी एका पीनं आणि दोन पींनी, चिकोडी एका केनं आणि दोन केंनी. प्रत्येकासाठी वेगळा रेकॉर्ड कोण करत बसणार, म्हणून कुणीतरी तारांकन टाकून मोकळं झालेलं दिसतं.

दोन गोष्टी हव्यात. वाइल्डकार्ड नक्की आहे का, हे पुराव्यानं कसं सांगायचं? आणि असेल तर त्याच्या आड खरोखर तयार केलेली नावं कोणती, ते कसं काढायचं?

मार्कंडेय

पहिल्याचं उत्तर आधी देतो. आज्ञा इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमनमध्ये टाका. डोमेन 'नमुना.टेस्ट' धरूया.

सगळ्यांना माहीत असलेली पद्धत म्हणजे अस्तित्वात असूच शकणार नाही असं नाव विचारायचं. पण लोक 'एबीसी', 'टेस्ट१२३' असलं काहीतरी विचारतात. असली नावं कुणीतरी खरंच तयार केलेली असतात. ओपनएसएसएल साधनाच्या रँड-हेक्स आज्ञेला ८ (बाइट) द्या, १६ अक्षरांचं लेबल (नावातला दोन टिंबांमधला भाग) मिळेल. लेबलची मर्यादा ६३ अक्षरं आहे, त्यामुळं १६ ला काही अडचण नाही. प्रत्येक वेळी नवं लेबल घ्या. तेच लेबल परत विचारलं तर रिझॉल्व्हर (आपल्या वतीनं नाव शोधून देणारा सर्व्हर) कॅशमधलं, म्हणजे साठवलेलं, उत्तर देईल आणि नवी माहिती काही मिळणार नाही.

आता मुख्य गोष्ट. हे रिझॉल्व्हरला विचारू नका, थेट अधिकृत नेमसर्व्हरला (डोमेनचे मूळ रेकॉर्ड ठेवणाऱ्या सर्व्हरला) विचारा. आधी डिग या डीएनएसला प्रश्न विचारायच्या साधनानं डोमेनचे एनएस, म्हणजे नेमसर्व्हर, काढा. मग ॲट-चिन्ह लावून त्यातल्या एकेकाला, प्लस-नोरिकर्स ('दुसऱ्याकडं विचारू नकोस') देऊन, ते यादृच्छिक नाव विचारा. प्लस-शॉर्ट वापरू नका. शॉर्टमध्ये फक्त आयपी दिसतो आणि जे बघायचं ते नेमकं झाकलं जातं. हेडरमधल्या तीन गोष्टी बघा:

स्टेटस काय आहे: एनएक्सडोमेन (असं नावच नाही) की नोएरर (चूक नाही).
फ्लॅगमध्ये एए आहे का. नसेल तर उत्तर अधिकृत नाही.
आन्सर किती आहेत.

एनएक्सडोमेन आणि एए असेल तर त्या पातळीवर वाइल्डकार्ड नाही. नोएरर, एए आणि आन्सर एक किंवा जास्त असतील तर वाइल्डकार्ड आहे, किंवा सर्व्हर उत्तरं जागच्या जागी बनवून देतोय. नोएरर पण आन्सर शून्य, हा वेगळा प्रकार, त्याचं खाली कुणीतरी विचारेलच.

सर्व्हफेल (सर्व्हरला उत्तर देता आलं नाही) किंवा टाइमआउट आला तर त्याला 'नाही' समजू नका. आरआरएल (उत्तरांच्या वेगावर मर्यादा) लावलेले सर्व्हर एकाच पत्त्यावरून भराभर प्रश्न आले की उत्तरं गाळतात, आणि वाइल्डकार्डमधून निघालेली उत्तरं एकाच खात्यात मोजतात. म्हणजे मर्यादा लवकर लागते. सेकंदाला दोन-तीन प्रश्न पुरे.

आणि हो, सगळे एनएस तपासा. दुय्यम सर्व्हरवर जुना झोन (डोमेनच्या रेकॉर्डांची यादी) अडकलेला असला तर एकीकडं वाइल्डकार्ड असतं, दुसरीकडं नसतं, आणि रिझॉल्व्हरमधून विचारलं की कधी आयपी, कधी एनएक्सडोमेन. डिगचं प्लस-एनएससर्च सगळ्यांचा एसओए (झोनच्या आवृत्तीचा क्रमांक, म्हणजे सिरीयल, असलेला रेकॉर्ड) एकदम दाखवतं. सिरीयल जुळत नसेल तर आधी ते मिटवा, मग बाकीचं.

खानापूर_फायबर

मार्कंडेय अण्णांच्या म्हणण्याला एक जोड. आपल्याकडच्या छोट्या कनेक्शनांवर अजून एक भानगड असते. काही पुरवठादारांचे रिझॉल्व्हर एनएक्सडोमेन गिळतात आणि त्याऐवजी स्वतःच्या जाहिरातपानाचा आयपी देतात. मग जगातलं प्रत्येक डोमेन वाइल्डकार्ड वाटतं.

हे तपासायला यादृच्छिक नाव डॉट इन्व्हॅलिड विचारा. आरएफसी ६७६१ नं (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियमदस्तऐवज) ते राखीव ठेवलंय, तिथं एनएक्सडोमेनच यायला पाहिजे. काही चलाख रिझॉल्व्हर इन्व्हॅलिडला सोडतात आणि बाकीच्यांना फसवतात, म्हणून यादृच्छिक १६ अक्षरं डॉट कॉम असंही विचारा. दोन्हीकडं एकच आयपी आला तर दोष डोमेनचा नाही, तुमच्या लाइनचा आहे.

क्रोमियम ब्राउझर याचसाठी सुरू होताना ७ ते १५ अक्षरांची ३ यादृच्छिक नावं विचारायचा. रूट सर्व्हरांवर त्याचा इतका भार पडला की २०२० च्या अखेरीस ते आवरतं घ्यावं लागलं.

गूगलचा ८.८.८.८ हा रिझॉल्व्हर लावला म्हणजे सुटलो असंही समजू नका. काही जण पोर्ट ५३ ची रहदारीच मध्ये अडवतात. ओळखायचं कसं? अधिकृत सर्व्हरला थेट विचारलंय, तरी उत्तरात एए नाही आणि आरए (रिझॉल्व्हरची खूण) दिसतोय, तर मध्ये कुणीतरी बसलंय. अशा वेळी बाइंड (डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर) ९.१८ किंवा पुढचं डिग घ्या, त्यात प्रश्न कूटबद्ध करून पाठवणारं प्लस-टीएलएस आणि प्लस-एचटीटीपीएस आहे. पण अधिकृत सर्व्हर बहुधा टीएलएस बोलत नाहीत, त्यामुळं तपासणीसाठी बाहेरचा एखादा भाड्याचा सर्व्हर घेतलेला बरा.

टिळकवाडी_नेट

केलं. इन्व्हॅलिडला एनएक्सडोमेन येतं, लाइन स्वच्छ आहे. नमुना.टेस्टखालच्या यादृच्छिक नावाला नोएरर, एए, एक ए रेकॉर्ड (आयपीव्ही४ पत्ता). दोन्ही एनएसवर तेच. पण एएएए (आयपीव्ही६ पत्ता) विचारलं तर नोएरर आणि आन्सर शून्य. आणि 'शाखा' म्हणून एक मधली पातळी आहे, तिच्याखाली यादृच्छिक नाव विचारलं तर एनएक्सडोमेन! वरती वाइल्डकार्ड आहे तर तिथं का नाही?

मार्कंडेय

पहिलं सोपं. वाइल्डकार्ड रेकॉर्डप्रकारानुसार असतं. तारांकनाखाली फक्त ए असेल तर त्या नावाला एएएए विचारल्यावर 'नाव आहे, हा प्रकार नाही' असं उत्तर येतं, म्हणजे नोडेटा. म्हणूनच फक्त ए विचारून 'वाइल्डकार्ड नाही' असा निकाल देणारी साधनं चुकतात. कुणी फक्त एमएक्स (मेल सर्व्हर) किंवा टीएक्सटी (मजकूर) रेकॉर्डचं वाइल्डकार्ड ठेवलेलं असतं. ए विचारलं की आन्सर शून्य येतं आणि साधन पुढं जातं, स्टेटसकडं बघतच नाही. ए, एएएए, सीनेम (दुसऱ्या नावाकडं बोट दाखवणारा), एमएक्स, टीएक्सटी एवढे तरी विचाराच. निदान स्टेटस तरी वाचा. यादृच्छिक नावाला नोएरर आलं की काहीतरी आहे.

याला अपवाद एकच. डीएनएससेक (उत्तरांवर डिजिटल सही) लावलेले काही मोठे सेवादार नसलेल्या नावालाही नोएरर देतात. एनएक्सडोमेन सिद्ध करायला जादा रेकॉर्ड लागतात, ते वाचवायला ही युक्ती. आरएफसी ९८२४ मध्ये ती आता प्रमाणित झाली. एनसेक ('हे नाही' असं सिद्ध करणाऱ्या) रेकॉर्डच्या यादीत एनएक्सनेम, टाइप १२८, दिसला तर नाव खरंच नाही असं समजा. त्यासाठी प्लस-डीएनएससेक लावून आणि न लावता, दोन्ही वेळा विचारा. न लावता बहुधा सरळ एनएक्सडोमेन मिळतं.

'शाखा'चं घटप्रभा अक्का सांगतील. त्यांचा हात त्यात बसलाय.

घटप्रभा

सांगते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे, म्हणून जरा सविस्तर.

लोकांना वाटतं की तारांकन म्हणजे 'या डोमेनखाली काहीही'. नियम तसा नाही. आरएफसी १०३४ मध्ये १९८७ साली तो आला आणि २००६ च्या आरएफसी ४५९२ नं स्पष्ट केला. सर्व्हर विचारलेल्या नावापासून वर चढत जातो आणि झोनमध्ये खरोखर असलेला सगळ्यात जवळचा पूर्वज शोधतो. त्या पूर्वजाच्या लगेच खाली तारांकन असेल तरच ते लागू होतं. त्याहून वरचं तारांकन कितीही ढळढळीत असलं तरी लागू होत नाही.

शाखा.नमुना.टेस्ट झोनमध्ये आहे. म्हणून 'अबक.शाखा.नमुना.टेस्ट' विचारलं की जवळचा पूर्वज 'शाखा' ठरतो. तारांकन.शाखा नाही. म्हणून एनएक्सडोमेन. वरचं तारांकन.नमुना.टेस्ट तिथपर्यंत पोचतच नाही. 'शाखा'ला स्वतःचा एकही रेकॉर्ड नसला, फक्त 'निपाणी.शाखा' असं काहीतरी खाली असलं, तरी 'शाखा' अस्तित्वात धरली जाते. यामुळं प्रत्येक पातळी वेगळी तपासावी लागते.

आता याचाच उपयोग करून घ्यायचा. वाइल्डकार्डाच्या आड 'मेल' खरंच तयार केलंय की तारांकनातून निघतंय? आयपी सारखाच असल्यावर ए रेकॉर्डवरून कळणार नाही. म्हणून 'मेल'ला विचारूच नका, 'मेल'च्या खालच्या यादृच्छिक नावाला विचारा:

यादृच्छिक.मेल.नमुना.टेस्ट

'मेल' झोनमध्ये खरोखर असेल तर ते जवळचा पूर्वज बनतं, वाइल्डकार्ड अडतं, एनएक्सडोमेन येतं. 'मेल' नसेल तर पूर्वज नमुना.टेस्टच राहतो आणि वाइल्डकार्डाचा आयपी मिळतो. म्हणजे इथं एनएक्सडोमेन ही चांगली बातमी. शब्दयादीतल्या प्रत्येक नावापुढं यादृच्छिक लेबल जोडा, ज्यांना एनएक्सडोमेन येईल तेवढीच नावं ठेवा. बेळगाव-बेळगावीचा घोळ पाच मिनिटांत सुटेल. कुठलं स्पेलिंग खरं केलेलं आहे आणि कुठलं तारांकनावर तरतंय ते सरळ दिसेल.

अडचणी कुठं येतात ते बघा. मेलच्या खालीही तारांकन असेल तर उत्तर येईल, पण ते वरच्यापेक्षा वेगळं असण्याची शक्यता जास्त, त्यामुळं तुलना करा. 'मेल' दुसऱ्या सर्व्हरला डेलिगेट केलेलं (सोपवलेलं) असेल तर आन्सरऐवजी एनएसचा रेफरल ('तिकडं विचारा') येईल. तोही पुरावाच की, नाव आहे याचा. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे नियम न पाळणारे सर्व्हर. काही घरगुती बनावटीचे सर्व्हर शेवटचा भाग जुळला की वाइल्डकार्ड देऊन टाकतात, पूर्वज वगैरे बघत नाहीत. म्हणून सुरुवातीला एक खात्रीचं नाव घेऊन कसोटी लावा, ट्रिपल-डब्ल्यू चालेल, पण त्याचा रेकॉर्ड झोनमध्ये स्वतंत्र आहे हे मालकाकडून विचारून घ्या. यादृच्छिक.ट्रिपल-डब्ल्यूला एनएक्सडोमेन आलं तर युक्ती त्या सर्व्हरवर चालते. आयपी आला तर तिथं ही युक्ती सोडून द्या.

निपाणी_सर्व्हर

अक्का, हे झकास. पण मी बहुतेक वेळा तयार साधनं वापरतो. ती यादृच्छिक नावाचा आयपी नोंदवतात आणि तोच आयपी आलेली नावं गाळतात. तेवढं पुरत नाही का?

घटप्रभा

कधी पुरतं, कधी घात करतं. दोन्ही बाजूंनी.

वाइल्डकार्डामागं चार-पाच आयपी फिरते असले तर एका चाचणीत एकच दिसतो, आणि दुसरा आयपी आलेली सगळी खोटी नावं खरी म्हणून यादीत शिरतात. डीएनएसएक्स या साधनात वाइल्डकार्ड गाळणी चालू करता येते, तिचा उंबरठा मुळात ५ असतो. प्युअरडीएनएस पातळीवार तपासतं, ते बरं. पण फिरते आयपी असले तर दहा-पंधरा नावं विचारून आधी संच गोळा करा. वाइल्डकार्ड सीनेम असेल तर आयपी सोडा, सीनेमचं लक्ष्य जुळवा. सीडीएनचा (ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून साइट देणाऱ्या जाळ्याचा) आयपी ठिकाणानुसार बदलतो, लक्ष्य बदलत नाही.

उलटी चूक जास्त महाग पडते. एकाच मशीनवर दहा साइट असतात. खरं, वेगळं केलेलं सबडोमेन त्याच आयपीवर असेल तर साधन त्याला वाइल्डकार्ड समजून फेकून देतं. पतसंस्थेचं जुनं, विसरलेलं व्यवस्थापन पॅनल बहुधा तिथंच असतं, आणि तपासणीत शोधायचं असतं नेमकं तेच.

टीटीएलही (उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा) बघा, पण अधिकृत सर्व्हरकडून. वाइल्डकार्डाचा १४४०० आणि एखाद्या नावाचा ३०० असेल तर ते नाव हातानं केलेलं आहे. सारखा असेल तर काहीच सिद्ध होत नाही.

उद्यमबाग_डीएनएस

झोन साइन केलेला असेल तर एवढी खटपट कशाला? आरआरसिग, म्हणजे सहीच्या, रेकॉर्डमध्ये लेबलांचा आकडा असतो. 'अबक.नमुना.टेस्ट'मध्ये लेबलं ३. वाइल्डकार्डातून आलेल्या उत्तराच्या सहीत तो आकडा २ असतो, कारण तारांकन मोजत नाहीत. आकडा नावापेक्षा कमी, म्हणजे वाइल्डकार्ड. आरएफसी ४०३४ मध्येच आहे. यापेक्षा पक्का पुरावा नाही.

मार्कंडेय

आधीच सही करून ठेवलेल्या झोनला शंभर टक्के. पण उत्तर देतानाच सही करणारे सर्व्हर वाइल्डकार्डाचं उत्तर स्वतंत्र रेकॉर्ड असल्यासारखं साइन करू शकतात, मग आकडा ३ च दिसतो. आकडा कमी असेल तर वाइल्डकार्ड नक्की. बरोबरीचा असेल तर आधी तो सर्व्हर कुठल्या प्रकारचा आहे ते बघा, मग बोला.

थेट तारांकनाचं नावही विचारून बघता येतं, तारांकन.नमुना.टेस्ट. खरं वाइल्डकार्ड असेल तर तो रेकॉर्ड जसाच्या तसा मिळतो. तारांकन अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर शेल त्याला फाइलनाव समजून विस्तारतं आणि तुम्ही भलतंच विचारता.

हलियाळ_होस्टिंग

वेगळा पण याच्याशी बांधलेला मुद्दा. एका वाइल्डकार्ड डोमेनवर 'निपाणी' हे सबडोमेन मधूनमधून काही तास गायब होतं. रेकॉर्डला कुणी हात लावत नाही. दोनेक महिन्यांनी परत तेच.

घटप्रभा

दोन महिने म्हटल्यावर बहुतेक साइटच्या एचटीटीपीएस प्रमाणपत्राचं नूतनीकरण. निपाणी तारांकनावर चालतंय ना? डीएनएस पद्धतीनं लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं प्रमाणपत्र घेताना साधन '_एक्मे-चॅलेंज.निपाणी' असा टीएक्सटी तात्पुरता टाकतं. तो टाकला की 'निपाणी' हे रेकॉर्ड नसलेलं पण अस्तित्वात असलेलं नाव बनतं. मघाचाच नियम. तारांकन त्याला लागू होणं थांबतं आणि ए विचारलं की नोडेटा. टीएक्सटी काढला की सगळं पूर्ववत. ९० दिवसांचं प्रमाणपत्र ३० दिवस उरले की नव्यानं घेतलं जातं, म्हणून दोन महिने.

टीएक्सटी मिनिटभरच असला तरी तेवढ्यात कुणी विचारलं तर नकार कॅशमध्ये बसतो. किती वेळ, ते एसओएच्या शेवटच्या आकड्यावर आणि एसओएच्या टीटीएलवर, दोन्हींत जो कमी त्यावर. ८६४०० ठेवला असेल तरी बाइंड मुळात ३ तासांवर आणि अनबाउंड हा दुसरा रिझॉल्व्हर १ तासावर तोडतो. तुमचे 'काही तास' तिथून आलेत.

उपाय: निपाणीसाठी स्वतंत्र ए आणि असेल तर एएएए टाका. तारांकनावर विसंबू नका. नाहीतर तारांकनाचंच प्रमाणपत्र घ्या. त्याचा टीएक्सटी मुख्य डोमेनखाली बसतो, शाखांना धक्का लागत नाही. मात्र तारांकन प्रमाणपत्र एकाच पातळीला पुरतं. डीएनएसमधलं तारांकन 'क.ख.नमुना.टेस्ट'लाही उत्तर देईल, प्रमाणपत्र तिथं चालणार नाही आणि ब्राउझर इशारा दाखवेल.

उद्यमबाग_डीएनएस

तशीच गंमत: कुणी 'हुक्केरी'ला फक्त एक टीएक्सटी टाकला, कुठल्यातरी सेवेच्या पडताळणीसाठी. झालं, हुक्केरीचा ए गेला. वाइल्डकार्ड आणि स्वतंत्र रेकॉर्ड यांची बेरीज होत नाही. नाव एकदा झोनमध्ये आलं की तारांकनाचं त्याच्याशी देणंघेणं संपलं.

भालकी_मेल

मेल सर्व्हरवाल्यांसाठी: स्पॅमयादी पुरवणारं डोमेन बंद पडून पार्किंगवाल्याकडं (रिकामी डोमेनं जाहिरातीसाठी ठेवणाऱ्याकडं) गेलं की तिथं वाइल्डकार्ड बसतं, आणि मग प्रत्येक आयपी 'यादीत आहे' असं उत्तर येतं. येणारी सगळी मेल परत. यासाठी आरएफसी ५७८२ मध्ये सोपी कसोटी आहे: १२७.०.०.२ यादीत असलाच पाहिजे, १२७.०.०.१ असता कामा नये. उलट्या क्रमानं १.०.०.१२७ आणि पुढं यादीचं डोमेन विचारा. उत्तर आलं तर ती यादी लगेच काढा. दिवसातून एकदा चालेल असं क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या साधनात) लावून ठेवा.

खानापूर_फायबर

वाइल्डकार्ड किती वर बसू शकतं याचा नमुना म्हणजे २००३. डॉट कॉम, डॉट नेट सांभाळणाऱ्या व्हेरीसाइननं १५ सप्टेंबरला सगळ्या डॉट कॉम आणि डॉट नेटलाच तारांकन लावलं, चुकलेलं कुठलंही नाव ६४.९४.११०.११ वर. पाठवणाऱ्याचं डोमेन अस्तित्वात आहे का, ही स्पॅमगाळणीची तपासणी एका रात्रीत निकामी झाली. इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅननं दटावल्यावर ४ ऑक्टोबरला मागं घेतलं. बाइंडमधला डिलिगेशन-ओन्ली पर्याय त्याच धुमाळीत आला.

टिळकवाडी_नेट

अक्कांची युक्ती चालली. ट्रिपल-डब्ल्यूवर कसोटी लागली, मग यादी चालवली. शाखांपैकी फक्त चिकोडी आणि खानापूर खरी, बाकीची तारांकनावर. एक जुनं 'बॅकअप' नावाचंही निघालं, त्याच आयपीवर.

शेवटचं विचारतो. संस्थेकडं डॉट भारतमधलं देवनागरी डोमेनही आहे. त्याखाली यादृच्छिक विचारलं तर कायम एनएक्सडोमेन, पण ब्राउझरमध्ये काहीही टाकलं तरी साइट उघडते. हे कसं?

मार्कंडेय

तुमचं डिग आयडीएनशिवाय (रोमनेतर लिपीतल्या नावांच्या सोयीशिवाय) बांधलेलं असणार. ते देवनागरी जसंच्या तसं यूटीएफ-८ बाइटांत पाठवतं. उत्तराच्या क्वेश्चन भागात उलट्या तिरक्या रेघा आणि २२४, १६४ असले आकडे दिसतात का बघा. दिसले तर तुम्ही अस्तित्वातच नसलेल्या टीएलडीखाली (नावाच्या शेवटच्या भागाखाली) विचारताय, म्हणून एनएक्सडोमेन. भारतचं प्युनीकोड, म्हणजे रोमन अक्षरांत बसवलेलं, रूप एक्सएन--एच२बीआरजे९सी आहे. आधी तुमच्या लेबलचंही आयडीएन२ साधनानं रूपांतर करा, मग पूर्ण नाव प्युनीकोडमध्ये देऊन परत अधिकृत सर्व्हरला विचारा. यादृच्छिक लेबल मात्र साधं हेक्सच ठेवा.

आणि ते 'बॅकअप' आज संस्थेला कळवा. त्याच्यावर काय चालतंय ते त्यांच्या माणसासमोरच उघडा.